मिनिटाला किती वाफ?

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राची उंच धुराडी नाशिककरांच्या परिचयाची आहेत. तेथे १९७९ ते १९८१ या काळात उभे राहिलेले तीन संच प्रत्येकी २१० मेगावॉटचे. कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची, तिने टर्बाइन फिरवायचे आणि वीज मिळवायची. त्याच विजेने घरी पुन्हा पाण्याची वाफ करायची, हा उलटा प्रवास गमतीचाच! माझ्या बहिणीने कपड्यांसाठी उभा स्टीमर घ्यायचे ठरवले, तेव्हा हाच विचार प्रथम मनात आला.

तिचा प्रश्न मात्र व्यवहाराचा होता. दुकानात दोन स्टीमर होते, दोन्ही १५०० वॉटचे. एकाच्या खोक्यावर ‘मिनिटाला ३० ग्रॅम वाफ’ असे छापलेले, तर दुसऱ्याच्या खोक्यावर ‘५० ग्रॅम’. दुसऱ्याची किंमत सातशे रुपयांनी जास्त. “दादा, जास्त वाफेचाच घेऊ ना?” तिने विचारले. दहावीतली भाची शेजारीच उभी होती. तिला म्हटले, उत्तर तूच काढ.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हीही वही घ्या. १ ग्रॅम पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ७५ कॅलरी लागतात. त्या उकळत्या पाण्याची वाफ व्हायला आणखी ५४० कॅलरी हव्यात. हा बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा. एकूण ६१५ कॅलरी, म्हणजे सुमारे २,५७० ज्यूल. १५०० वॉट म्हणजे सेकंदाला १५०० ज्यूल, मिनिटाला ९०,०००. भागाकार करा: ३५! थोडीही उष्णता वाया गेली नाही, तरी मिनिटाला ३५ ग्रॅमहून अधिक वाफ या यंत्रातून निघणे शक्य नाही. ५० ग्रॅमसाठी २,१०० वॉटहून अधिक शक्ती हवी. “मामा, मग हे खोके नापास,” भाचीने निकाल दिला.

या वाफेने सुरकुती जाते कशी? सुती धाग्यातील सेल्युलोजच्या लांब साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून असतात. कापड मुडपलेले असताना हे बंध तशाच स्थितीत जुळले, की सुरकुती पक्की होते. वाफ कापडावर थंड होऊन पाणी बनते आणि तो ५४० कॅलरींचा ठेवा कापडाला देते. उष्णता आणि पाणी मिळून बंध सैल करतात; टांगलेल्या कापडाचे वजन आणि आपल्या हाताचा ताण साखळ्यांना सरळ करतो. कापड वाळले, की बंध नव्या जागी जुळतात. इस्त्रीचा दाब मात्र येथे नाही. म्हणून जाड सुती सदऱ्याची कडक घडी स्टीमरकडून मागू नये. रेशीम, लोकर, जॉर्जेट यांच्यासाठी तो बरा; तरीही आधी कापडाच्या आतल्या टोकावर करून पाहावे.

हाच अप्रकट उष्मा हातही भाजतो. १ ग्रॅम उकळते पाणी अंगावर पडून अंगाइतके निवताना साधारण ६३ कॅलरी देते. वाफ त्याआधीच ५४० देऊन बसते. तोंडाशी जी पारदर्शक जागा दिसते, तीच खरी वाफ. पुढचा पांढरा लोट म्हणजे पाण्याचे थेंब. नळी खाली लोंबली, तर तिच्या वळणात पाणी साचते आणि यंत्र गुरगुरत थुंकू लागते. यासाठी दांडा पुरेसा उंच व नळी सरळ राहील असे यंत्र निवडावे.

विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी वापरले, तर आत पांढरा खडा धरतो. वीज केंद्रात बॉयलरला पाणी देण्यापूर्वी त्यातले क्षार काढतात. घरी तेवढे जमले नाही, तरी आरओ फिल्टरचे पाणी घालता येते.

राहिली जोडणी. १५०० वॉट भागिले २३० व्होल्ट म्हणजे साडेसहा अँपिअर. दिव्या-पंख्याच्या ६ अँपिअरच्या पॉइंटला हे झेपणारे नाही. बहिणीने ३० ग्रॅमवाला स्टीमर घेतला आणि वाचलेल्या सातशेतून वायरमनकडून खोलीत १६ अँपिअरचा पॉइंट काढून घेतला.