काळा तवंग

पाण्यावर तेलाचा थेंब टाकला, तर तो तळाशी न जाता वर पसरतो. समुद्रात बुडालेल्या जहाजातून किंवा फुटलेल्या तेलविहिरीतून बाहेर पडलेले तेलही असेच तरंगते आणि वाऱ्यालाटांबरोबर दूरवर जाते. समुद्रपक्षी ज्या पृष्ठभागावर पोहतात, कासवे आणि देवमासे श्वासासाठी ज्या पृष्ठभागावर येतात, तेथेच हा तवंग पसरलेला असतो. त्याची घातकता यातच आहे.

२३ जून २००० रोजी दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन शहराजवळ ‘ट्रेझर’ नावाचे मालवाहू जहाज बुडाले. त्यातील इंधनतेल समुद्रात मिसळले. जवळच रॉबेन आणि डॅसन ही बेटे आहेत. तेथे आफ्रिकी पेंग्विनांच्या मोठ्या वसाहती होत्या आणि तो त्यांच्या विणीचा हंगाम होता.

पेंग्विन उडत नाही. वल्ह्यांसारख्या पंखांनी तो थंड समुद्रात पोहतो व मासे पकडतो. त्याची दाट पिसे कौलांप्रमाणे एकमेकांवर बसलेली असतात. त्यांच्याखाली कोंडलेल्या हवेमुळे त्याच्या अंगाची ऊब टिकते. पिसांना तेल लागले, की ती एकमेकांना चिकटतात आणि मधून गार पाणी थेट कातडीपर्यंत पोहोचते. पक्षी काकडतो व किनारा गाठतो. परंतु किनाऱ्यावर अन्न कोठून मिळणार? तो चोचीने पिसे साफ करू लागतो, तेव्हा तेल पोटात जाऊन विषबाधा होते. अशा रीतीने बुडून नव्हे, तर थंडीने, उपासमारीने आणि विषाने त्याचा अंत होतो.

केप टाउनमध्ये मात्र हजारो स्वयंसेवक धावून आले. तेलाने माखलेले सुमारे १९,००० पेंग्विन गोळा करण्यात आले. घाबरलेले पक्षी चोचीने जखमा करीत; तरीही एकेकाला साबणाच्या पाण्याने धुऊन, हाताने मासे भरवून जगविण्यात आले. धुतल्यानंतरही पिसांवरून पाणी पुन्हा निथळू लागेपर्यंत त्यांना सोडता येत नसे.

तेल न लागलेले पेंग्विनही घरट्यांकडे परततानाच तवंगात सापडणार होते. त्यावर एक नामी युक्ती योजण्यात आली. अशा सुमारे १९,५०० पक्ष्यांना वाहनांतून सुमारे ८०० किलोमीटर दूर, पोर्ट एलिझाबेथजवळ नेऊन समुद्रात सोडले गेले. पेंग्विन पोहत घरी परतणार हे शास्त्रज्ञांना ठाऊक होते. काही आठवड्यांच्या त्या प्रवासाच्या काळात घराजवळचे पाणी स्वच्छ करण्यास अवसर मिळाला. तीन पक्ष्यांच्या अंगावर उपग्रहाला संदेश पाठविणारी यंत्रे बसविली होती. पीटर, पर्सी आणि पामेला या नावांनी ओळखल्या गेलेल्या या पक्ष्यांच्या प्रवासाकडे जगातील अनेकांचे डोळे लागले होते.

तेलाने माखलेल्या पक्ष्यांपैकी दहांतील सुमारे नऊ वाचले. तरीही बरेच पक्षी दगावले आणि हजारो पिले आईबापांवाचून उघडी पडली. पुढे मासळीच्या टंचाईमुळेही या पक्ष्यांची संख्या घटतच गेली आणि २०२४ मध्ये आफ्रिकी पेंग्विनाची गणना नष्ट होण्याचा अत्यंत गंभीर धोका असलेल्या प्राण्यांत झाली.

तेल सांडण्यास काही घटका पुरतात. ते पिसांवरून उतरविण्यास हजारो हातांना आठवडेच्या आठवडे राबावे लागते. म्हणून सांडलेले तेल पुसण्यापेक्षा ते सांडू न देणे, हेच खरे प्राणिरक्षण होय.