दुसऱ्याला सावरणाऱ्याला कोण सावरणार?

रात्रीचे साडेअकरा वाजले आहेत. दिल्लीजवळच्या एका व्यसनमुक्ती केंद्रातली समुपदेशक नुकतीच घरी येऊन जेवायला बसली आहे. तेवढ्यात फोन खणखणतो. पलीकडून रडवेला आवाज येतो, "दीदी, हे पुन्हा पिऊन आलेत. आता तुम्हीच काहीतरी करा!" ताट तसेच राहते. असे रोजच घडू लागले, तर ही दीदी किती दिवस तग धरील?

व्यसनी माणसाबद्दल आपण बोलतो, त्याच्या बायकामुलांसाठी हळहळतो. पण त्याला हात धरून बाहेर काढणाऱ्याच्या मनाची चौकशी कोण करतो?

दवाखान्यातूनच आलेला शब्द

कामापायी आतून रिते होण्याला 'बर्नआउट' म्हणतात. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये या अवस्थेवर लिहिले, ते एका मोफत दवाखान्यात झटणाऱ्यांना पाहून. ते स्वतःही तिथे राबून थकले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये याची तीन लक्षणे सांगितली: कमालीचा थकवा, कामाविषयी तुटलेपणा किंवा कडवटपणा आणि 'माझ्या हातून काहीच होत नाही' ही भावना.

भार तरी किती!

'एम्स'ने १९८८ मध्ये दिल्लीत सुरू केलेले व्यसनमुक्ती केंद्र २००३ पासून गाझियाबादेत आहे. त्याच केंद्राच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार दारूच्या त्रासासाठी सुमारे ५.७ कोटी भारतीयांना मदतीची गरज होती. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला उपचार मिळत होते. म्हणजे रुग्ण अफाट आणि हात मोजके. असा एक समुपदेशक थकून काम सोडतो, तेव्हा अनेक रुग्णांनी मोठ्या कष्टाने टाकलेला विश्वासही तुटतो.

एकट्याने ओढू नये

अमेरिकेत दारूच्या व्यसनावर सायलोसायबिन या भ्रम निर्माण करणाऱ्या द्रव्याचे वैद्यकीय प्रयोग झाले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका प्रयोगात औषध दिल्यावर दोन उपचारक दिवसभर रुग्णाजवळ बसत. भारतात हे द्रव्य १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत येते, तेव्हा घरी किंवा कुणा 'गुरू'कडे असले धाडस मुळीच करू नका. मात्र एक धडा घेण्यासारखा आहे: दुसऱ्याच्या मनातले वादळ एकट्याने झेलायचे नसते.

म्हणूनच केंद्राने समुपदेशकाला आठवड्यातून एकदा तरी अनुभवी वरिष्ठांपुढे मन मोकळे करण्याची वेळ द्यावी. रात्रीचे फोन पाळीपाळीने घ्यावेत. सुट्टी ही मेहेरबानी नव्हे, गरज आहे.

अनेक केंद्रांत पूर्वी स्वतः व्यसनात अडकलेले कार्यकर्ते काम करतात. रुग्णाचे दुःख त्यांना चटकन कळते. पण थकव्यातून त्यांचाच पाय पुन्हा घसरण्याचा धोका असतो. इतरांच्या सेवेत स्वतःची 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'ची सभा त्यांनी चुकवता कामा नये.

समुपदेशकानेही एक गोष्ट मनाशी बांधावी. मधुमेह्याची साखर वाढली, तर डॉक्टर स्वतःला अपराधी मानत नाही. रुग्ण पुन्हा प्यायला, तर तो या आजाराचाच भाग आहे, आपला पराभव नव्हे.

घरच्यांच्या हातातही काही आहे

समुपदेशकाला जादूगार समजू नका. जमेल तेव्हा ठरलेल्या वेळीच बोला. व्यसनाविषयी सल्ल्यासाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६ हे मोफत क्रमांक हाताशी ठेवा. मारहाण होत असेल किंवा जिवाला धोका असेल, तर वाट न पाहता ११२ वर फोन करा. आणि रुग्ण बरा होऊ लागला, की ती बातमी त्या दीदीला जरूर कळवा. संकटात फोन करणारे पुष्कळ असतात. "आज सहा महिने झाले, यांनी थेंबही घेतला नाही," असे सांगायला फोन करणारे थोडेच.

त्या एका फोनने तिचे ताट गार होणार नाही, उलट दोन घास जास्तच जातील!