लेकीचे अर्थशास्त्र : मुंबई विद्यापीठ की एसएनडीटी?

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत दोन प्रश्न उभे राहतात. मुलगी विचारते, "अर्थशास्त्र कुठे चांगले?" घरचे विचारतात, "तिथे मुलेही असतात का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण वाद लांबतो, प्रवेशाच्या तारखा निघून जातात आणि हुशार मुलगी घरीच राहते. तसे होऊ नये म्हणून अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या पालकांशी आम्ही हे बोलत आहोत.

मुंबई विद्यापीठ १८५७ चे. कलिना येथील त्याचा अर्थशास्त्र विभाग १९२१ पासून चालू आहे. पण बहुतेक मुलेमुली बी.ए. करतात ते संलग्न कॉलेजांतून. जोगेश्वरीचे इस्माईल युसूफ कॉलेज त्यांपैकीच. सर मोहम्मद युसूफ यांच्या देणगीतून ते १९३० मध्ये सुरू झाले. सरकारी असल्याने तिथली फी अनेक खासगी कॉलेजांपेक्षा कमी पडते.

एसएनडीटी महिला विद्यापीठ धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये पुण्याजवळ हिंगण्यास सुरू केले. मुलींना मातृभाषेतून उच्च शिक्षण मिळावे, हा त्यांचा आग्रह होता. आज चर्चगेट आणि जुहू येथे त्याची संकुले आहेत. घाटकोपरचे पी. एन. दोशी महिला महाविद्यालयही याच विद्यापीठाशी संलग्न आहे. अंधेरीहून तिथे जायला २०१४ पासून मेट्रो आहे.

बँकेच्या, एमपीएससीच्या किंवा यूपीएससीच्या परीक्षेला दोन्ही पदव्या सारख्याच चालतात. "महिला विद्यापीठ म्हणजे दुय्यम" हा समज आपण सोडून द्यावा. आणि "मुले आहेत म्हणून नकोच" असे म्हणण्याआधी मुलीचे ऐकून घ्यावे.

खरा फरक कॉलेजागणिक पडतो. म्हणून फॉर्म भरण्याआधी ऑफिसात जाऊन चार गोष्टी विचाराव्यात. अर्थशास्त्र मुख्य विषय म्हणून तिन्ही वर्षे मिळते का? गणित आणि संख्याशास्त्राचे पेपर आहेत का? शिकवण्याचे माध्यम कोणते? चौथ्या वर्षाची ऑनर्स पदवी तिथेच करता येते का?

यांतला गणिताचा प्रश्न सर्वांत मोलाचा. पुढे पुण्याच्या गोखले संस्थेत किंवा दिल्लीला एम.ए. करायचे, तर प्रवेश परीक्षेत गणित येतेच. ते सुटले की ती वाट अवघड होते, मग पदवी कोणत्याही विद्यापीठाची असो.

ओबीसी यादीतल्या मुस्लिम बिरादऱ्यांनी जातीचा आणि नॉन-क्रिमी लेयरचा दाखला निकालाआधीच काढून ठेवावा.

शक्य असेल तर दोन्हीकडे अर्ज करावा. चौकशीला अब्बा-अम्मींनी जावे, पण मुलीला सोबत न्यावे आणि प्रश्न तिलाच विचारू द्यावेत. रोज लोकलने तिला जायचे आहे, पेपरही तिलाच लिहायचे आहेत. दोन्ही कॉलेजे पाहून झाल्यावर तिने एखादे निवडले, तर शेवटचा शब्द तिचा असू द्यावा, असे आम्हाला वाटते.