जनाची लाज गेली, त्याचं वर्ष

२८ फेब्रुवारी २०२५ च्या त्या शुक्रवारला आता वर्ष होऊन गेलं. व्हाइट हाउसच्या ओव्हल ऑफिसात युक्रेनचे अध्यक्ष वोलोदिमिर झेलेन्स्की पाहुणे म्हणून आले होते. खनिजांच्या करारावर सह्या व्हायच्या होत्या, मग जेवण, मग पत्रकार परिषद. सूट का घातला नाही, असं एका वार्ताहराने युद्धातून आलेल्या माणसाला विचारून घेतलं. मग शेवटच्या दहा मिनिटांत सगळंच विस्कटलं. एकदा तरी आभार मानलेत का, असं उपाध्यक्ष व्हान्स यांनी दरडावलं. तुमच्या हातात पत्ते नाहीत, तुम्ही तिसऱ्या महायुद्धाशी जुगार खेळताय, असं ट्रम्प यांनी सुनावलं. युक्रेनच्या राजदूत ओक्साना मार्करोवा बाजूला कपाळाला हात लावून बसल्या होत्या. करार सहीविना राहिला, जेवण तसंच राहिलं आणि पाहुण्यांना निघायला सांगितलं गेलं. त्याआधी यजमान म्हणाले होते की टीव्हीवर हे झकास दिसणार आहे.

माझ्या मनात त्या सगळ्या बाचाबाचीतून हेच एक वाक्य रुतून बसलं आहे.

लढाईतल्या मित्राला वाऱ्यावर सोडणं हे महासत्तांसाठी नवं नाही. तो इतिहास उगाळत बसण्यात अर्थ नाही, दोनच गोष्टी सांगतो. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांतले बरेचसे पूर्व पोलंडचे. त्यांचे नातेवाईक दोस्त राष्ट्रांच्या बाजूने लढत होते आणि इकडे याल्टाच्या बैठकीत त्यांची गावं स्टालिनच्या पदरात टाकली गेली. परत जायला घर उरलं नाही. त्यातला मोठा मुलूख आज पश्चिम युक्रेनमध्ये आहे. दुसरी गोष्ट दक्षिण व्हिएतनामची. तुम्ही सही केली नाहीत तर आम्ही एकटे करू, मदतही थांबेल, असं निक्सन यांनी जानेवारी १९७३ मध्ये अध्यक्ष थ्यू यांना बजावलं. पण बजावलं ते गुप्त पत्रातून. सोबत, शत्रू उलटला तर आम्ही धावून येऊ, अशी आश्वासनंही होती. ती पत्रं १९७५ मध्ये सायगाव पडताना उजेडात आली आणि अमेरिकेला तोंड लपवावं लागलं.

दगा तेव्हाही होता. पण तो बंद दाराआड दिला जाई, वर गोड शब्दांचं पांघरूण असे आणि तो उघडा पडला की देणाऱ्याची मान खाली जाई. आमची पिढी त्या ढोंगावर लेख लिहूनच मोठी झाली. आज मला त्याच ढोंगाची आठवण येते, कारण जनाची लाज असलेल्या माणसाला निदान जनांपुढे उभं करता येतं.

नव्वदच्या दशकाचा मला तेव्हाही कंटाळा होता. परिषदा, सनदा, हस्तांदोलनं. त्यातली एक सही मात्र विसरता येत नाही. ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्टमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि रशिया या तिघांनी युक्रेनला सीमांची हमी लिहून दिली. बदल्यात युक्रेनने सोव्हिएत काळातली सुमारे एकोणीसशे सामरिक अण्वस्त्रं रशियाकडे पाठवायची होती. १९९६ च्या जूनपर्यंत शेवटचं अस्त्र गेलंही. कागदात आश्वासन होतं, पण आश्वासन मोडलं तर काय, याचं उत्तर नव्हतं. नंतरची काही वर्षं युक्रेन म्हणजे आपल्याकडे गव्हाचा आणि सूर्यफुलाच्या तेलाचा देश, आणि डॉक्टर व्हायचं पण इथली फी परवडत नाही अशा घरांसाठी कॉलेजांचा देश. तेवढ्यावर भागत होतं.

खरी कथा सुरू होते २०१४ मध्ये, आणि ते पुढचं दशक मी रोज बातम्यांच्या ढिगात बसून पाहिलं. फेब्रुवारीत कीवच्या मैदानातल्या आंदोलनानंतर अध्यक्ष यानुकोविच पळाले, १८ मार्चला पुतिन यांनी क्रिमिया गिळला. बुडापेस्टच्या कागदावर सही करणाऱ्यांतला एक जण चोर निघाला होता, उरलेल्या दोघांनी चिंता व्यक्त केली. ओबामा हे आमच्या सुशिक्षित वर्तुळाचे लाडके. त्यांनी पांघरुणं, शिधा, रात्री दिसणाऱ्या दुर्बिणी पाठवल्या, शस्त्रं नाहीत. सप्टेंबरमध्ये अध्यक्ष पोरोशेंको यांना अमेरिकी संसदेत उभं राहून सांगावं लागलं की पांघरुणाने युद्ध जिंकता येत नाही. सदस्यांनी टाळ्या वाजवल्या, धोरण बदललं नाही. जर्मनीचं तर विचारूच नका. क्रिमिया जाऊन दीड वर्ष होत नाही तोच, २०१५ मध्ये, रशियाबरोबर नॉर्ड स्ट्रीम-२ या दुसऱ्या वायुवाहिनीचा करार झाला. मर्केलबाईंच्या शहाणपणाचे गोडवे गाणारे लेख मराठीतही आले. त्या लेखकांनी आपली कात्रणं पुन्हा काढून वाचावीत.

आपणही काही वेगळे वागलो नाही. मार्च २०१४ मध्ये मनमोहन सिंग सरकारचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार शिवशंकर मेनन रशियाच्या 'रास्त हितसंबंधां'बद्दल बोलले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आपण तटस्थ राहिलो. पुण्यातल्या आमच्या चहाच्या कट्ट्यावर एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं, आणि तसं ते क्वचितच होत असे. डावे मित्र म्हणायचे, नाटोने डिवचलं म्हणून हे झालं. उजवे मित्र म्हणायचे, नेता असावा तर असा. आणि दोघांचा शेवटचा हुकमाचा एक्का १९७१ चा: सातवं आरमार कोणी पाठवलं आणि सुरक्षा परिषदेत नकाराधिकार कोणी वापरला? ते खरंच आहे. पण सोव्हिएत संघाच्या उपकाराची परतफेड त्याच संघातल्या दुसऱ्या देशाच्या जमिनीने कशी करायची, हे मला कट्ट्यावर कुणी समजावून दिलं नाही. सोव्हिएत संघात युक्रेनही होता, हे त्या गप्पांत कुणाला आठवतही नसे.

मग २०१९ आलं, आणि या कथेतला आजचा नायक पहिल्यांदा रंगात आला. खरं तर रणगाडाभेदी जॅव्हलिन क्षेपणास्त्रं युक्रेनला द्यायचा निर्णय ट्रम्प यांच्याच पहिल्या कारकिर्दीत झाला. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण २५ जुलै २०१९ च्या फोनवर त्यांनी झेलेन्स्कींकडे 'एक काम करा' असा लकडा लावला, आणि ते काम होतं बायडन यांच्या चौकशीचं. संसदेने मंजूर केलेली जवळपास ४० कोटी डॉलरची लष्करी मदत त्या वेळी अडकवून ठेवलेली होती. ते प्रकरण महाभियोगापर्यंत गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ईशान्य सीरियातून सैन्य मागे घेऊन त्यांनी कुर्दांना तुर्कस्तानपुढे उघडं टाकलं. इसिसविरुद्ध जमिनीवर लढून ज्यांचे हजारो लोक मेले, त्यांच्याबद्दल ते म्हणाले की नॉर्मंडीत कुर्द आमच्या मदतीला आले नव्हते.

इथे एक आकडा नीट लक्षात ठेवावा असा आहे. सीरियातल्या त्या माघारीचा निषेध करणारा ठराव अमेरिकी प्रतिनिधिगृहात ३५४ विरुद्ध ६० मतांनी मंजूर झाला. ट्रम्प यांच्या स्वतःच्या पक्षातल्या बहुसंख्य सदस्यांनी त्याच्या बाजूने मत दिलं. कुर्दांना त्याचा फार उपयोग झाला नाही, तरी सत्ताधारी पक्षाचे लोक आपल्या नेत्याला जाहीरपणे 'हे बरोबर नाही' म्हणत होते. ही गोष्ट फक्त सहा-सात वर्षांपूर्वीची आहे.

२४ फेब्रुवारी २०२२ नंतरचे दिवस महाराष्ट्रात कित्येक घरांनी फोन हातात धरून काढले. खारकीवच्या तळघरांतून मुलं आई-बाबांना व्हिडिओ कॉल करत होती. बुखारेस्टहून २१९ जणांना घेऊन पहिलं विमान २६ फेब्रुवारीला मुंबईतच उतरलं. 'ऑपरेशन गंगा'त सुमारे साडेबावीस हजार भारतीय परत आले. कर्नाटकातला एक विद्यार्थी खारकीवमध्ये खाण्याचं सामान आणायला बाहेर पडला, तो परतला नाही. आमच्या वाहिन्यांनी मात्र स्टुडिओत रणगाडे आणि अणुबॉम्ब नाचवले. एप्रिलमध्ये खुद्द केंद्र सरकारला त्यांचे कान उपटावे लागले. परत आलेल्या मुलांना इथल्या कॉलेजांत जागा मिळाली नाही. कुणी ऑनलाइन शिकलं, कुणी जॉर्जिया किंवा उझबेकिस्तान गाठलं. ती बातमी दोन महिन्यांत आतल्या पानावर गेली.

बायडन यांच्यावरही माझा राग आहे. हायमार्स रॉकेटं असोत, अब्राम्स रणगाडे असोत की एफ-१६ विमानं, प्रत्येक वेळी आधी नाही, मग बघू आणि उशिरा हो. ऑक्टोबर २०२३ पासून ६१ अब्ज डॉलरची मदत संसदेत सहा महिने अडली, ती सुटली एप्रिल २०२४ मध्ये. तोवर आव्दिइव्का शहर पडलं होतं. इतकं करूनही बायडन यांनी मित्राला चारचौघांत झापलं नाही. तेवढी सभ्यता हा त्या काळी फार मोठा गुण वाटायचा नाही.

२०२५ चा फेब्रुवारी आला आणि दोन आठवड्यांत सगळं उघडं झालं. १८ तारखेला रियाधमध्ये अमेरिका आणि रशिया युक्रेनला बाहेर ठेवून युक्रेनबद्दल बोलायला बसले. दुसऱ्या दिवशी ट्रम्प यांनी झेलेन्स्कींना हुकूमशहा म्हटलं. जनतेत त्यांना चार टक्के पाठिंबा आहे, असंही ते सांगत होते. कीवच्या समाजशास्त्र संस्थेच्या पाहणीत विश्वास ५७ टक्के होता. २४ तारखेला, आक्रमणाच्या तिसऱ्या वर्षपूर्तीला, आमसभेत अमेरिकेने रशियाच्या बाजूला बसून युक्रेनच्या ठरावाविरुद्ध मत दिलं. आपण २०१४, २०२२ आणि २०२५, प्रत्येक वेळी तटस्थ. सातत्य म्हणाल तर आमचंच. आणि मग तो शुक्रवार: गावच्या सावकाराने ओसरीवर चार माणसं जमवून कुळाला पाणउतारा करत उभं ठेवावं, तसा.

त्यानंतर उसळलेली चीड खरी होती, हे मान्य करायला हवं. व्हरमाँटमध्ये स्कीइंगला गेलेल्या व्हान्स यांच्या वाटेवर लोक फलक घेऊन उभे राहिले. आपल्याला मळमळतंय, असं सिनेटर लिसा मुर्कोव्स्की यांनी लिहिलं. पोलंडच्या लेख वावेंसा यांनी जुन्या राजकीय कैद्यांसह ट्रम्प यांना पत्र धाडलं: ओव्हल ऑफिसातलं ते वातावरण पाहून आम्हाला कम्युनिस्ट काळातल्या गुप्त पोलिसांची चौकशी आठवली. तुरुंग भोगलेल्या माणसांचं हे वाक्य होतं. लंडनला युरोपचे नेते जमले, राजे चार्ल्स यांनी झेलेन्स्कींना चहाला बोलावलं. मुक्त जगाला नवा नेता हवा, असं युरोपच्या परराष्ट्र प्रमुख काया कालास म्हणाल्या.

पण ३५४ विरुद्ध ६० चं काय झालं? वर्षानुवर्षं कीवच्या वाऱ्या करणारे, ट्रम्प यांच्याच पक्षाचे सिनेटर लिंडसे ग्रॅहम त्याच दिवशी म्हणाले की झेलेन्स्कींनी राजीनामा द्यावा, नाहीतर बदलावं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात शस्त्रं थांबली, मग गुप्तवार्ता थांबली, जेद्दाच्या बोलण्यानंतर दोन्ही गोष्टी पुन्हा सुरू झाल्या. प्रतिनिधिगृहाने निषेधाचा ठराव केला नाही. जूनमध्ये नाटोचे सरचिटणीस रुट्टे यांनी ट्रम्प यांच्या भाषेचं समर्थन करताना 'डॅडी' हा शब्द वापरला. १५ ऑगस्टला अलास्कात पुतिन यांच्यासाठी लाल गालिचा अंथरला गेला. तीन दिवसांनी झेलेन्स्की काळा सूट घालून व्हाइट हाउसला गेले आणि बसल्या बसल्या पुन्हा पुन्हा आभार मानले. सोबत आलेले युरोपीय नेतेही रांगेत बसून तेच करत होते. अमेरिकी शस्त्रांचं बिल आता युरोप भरतो. मुक्त जगाला नवा नेता सापडला नाही. जुन्याच नेत्याला खूश कसं ठेवायचं, ते मात्र सगळे शिकले.

मला युरोपपेक्षा आमच्याकडच्या टाळ्यांचा जास्त त्रास झाला. त्या रात्री माझ्या फोनवर आलेल्या निरोपांत 'बरी जिरवली', 'विदूषकाला जागा दाखवली' असा सूर होता. लिहिणारे लोक शिकलेले, काही तर मुलाबाळांमुळे न्यू जर्सीला सहा महिने राहून आलेले. दुबळ्याचा उघड अपमान पाहून गुदगुल्या व्हाव्यात, ही सवय आपल्याला केव्हा लागली? युद्धाआधी आपल्या तेल आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता, पुढे तो एक तृतीयांशावर गेला. स्वस्त तेल घेण्यात मला पाप दिसत नाही, देशाने आपलं हित पाहावं. पण तेल घेताना समोरच्या मेलेल्यांना हसण्याची गरज नव्हती.

मग आमची पाळी आली. रशियाचं तेल घेतो म्हणून २७ ऑगस्ट २०२५ पासून बऱ्याच भारतीय मालावरचं अमेरिकी शुल्क ५० टक्क्यांवर गेलं. ट्रम्प यांचे सल्लागार पीटर नवारो यांनी युक्रेनच्या लढाईला 'मोदींचं युद्ध' म्हटलं. सर्वांत जास्त रशियन तेल घेणाऱ्या चीनवर हा दंड नव्हता, कारण चीनच्या हातात पत्ते होते. मुंबईत सीप्झच्या हिरे-दागिन्यांच्या कारखान्यांत अमेरिकी ऑर्डरींची धास्ती पसरली. फेब्रुवारीत टाळ्या वाजवणारे ऑगस्टमध्ये स्वाभिमानावर लिहू लागले. मित्रराष्ट्राशी ही कुठली वागण्याची रीत, असा प्रश्न त्यांनी मोठ्या अक्षरांत विचारला.

प्रश्न रास्त होता, फक्त सहा महिने उशिरा आला. युक्रेनने चुका केल्या, तिथे भ्रष्टाचार होता, झेलेन्स्की त्या दिवशी थोडं गप्प बसले असते तर बरं झालं असतं, हे सगळं मान्य. पण चारचौघांत दुबळ्या मित्राला उभं करून झापता येतं आणि त्याची किंमत मोजावी लागत नाही, हे एकदा सिद्ध झालं की ती पद्धत एका देशापुरती राहत नाही. पुढच्या वेळी कुणाचा पाणउतारा टीव्हीवर चालू असेल आणि 'आपलं काय जातंय' असं कुणी म्हणेल, तेव्हा त्याला २७ ऑगस्टच्या शुल्काचा हिशेब मांडून दाखवावा.