चाकाच्या तुंब्यातली घरघर

मोटारीच्या चाकाचा मध्यभाग, ज्याला गॅरेजच्या भाषेत हब म्हणतात, तो बैलगाडीच्या चाकातल्या तुंब्याचाच वंशज आहे. मराठा सरदार पवारांच्या फौजा अठराव्या शतकात माळव्यात उतरल्या, त्या काळच्या गाड्यांत लाकडी तुंबा आणि आस यांच्यामध्ये वंगणाचा एक थर एवढाच आधार असे, आणि तो सुकला की चाक कुरकुरू लागे. धार आणि देवास या पवारांच्या जुन्या राजधान्यांतून आज धावणाऱ्या मोटारींत त्या थराच्या जागी बेअरिंग आले असले, तरी कुरकुर ऐकून वेळीच हालचाल करण्याची गरज तीळभरही कमी झालेली नाही.

बेअरिंग म्हणजे एकात एक बसलेली पोलादाची दोन कडी आणि त्यांच्यामधल्या गुळगुळीत खाचेतून फिरणारे छर्रे. छर्र्यांत सारखे अंतर राखणाऱ्या जाळीला केज म्हणतात, तर आतले ग्रीस बाहेर जाऊ न देणाऱ्या आणि बाहेरचे पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी झाकणाला सील. आजच्या बहुतेक मोटारींत छर्र्यांच्या दोन ओळी असतात, ग्रीस कारखान्यातच भरलेले असते आणि आयुष्यभर ते बदलायचे नसते. जुन्या गाड्यांतले निमुळते रोलर असलेले बेअरिंग, ज्याचे पेटंट हेन्री टिमकेन यांना 1898 मध्ये मिळाले, ते उघडून, धुऊन, नवे ग्रीस भरून पुन्हा बसवता येत असे. सीलबंद बेअरिंगला मात्र दुरुस्ती नाही, ते बदलावेच लागते.

ते झिजते कशाने, याचे उत्तर बव्हंशी रस्त्यात आणि पाण्यात आहे. छर्रा कड्याला टेकतो ती जागा मोहरीच्या दाण्याएवढी असते आणि तेवढ्याशा जागेतून गाडीचा भार जातो. त्यामुळे चाक खड्ड्यात आदळले की कड्यावर बारीक खळगी पडते आणि पुढे प्रत्येक फेरीला छर्रा तिच्यावरून ठेचकाळत जातो. पावसाळ्यात माळव्यातले रपटे, म्हणजे वरून पाणी वाहणारे फरशी पूल, ओलांडताना घाटातल्या ब्रेकने तापलेले हब एकाएकी थंड होते, आतली हवा आकसते आणि सील जरा जरी झिजलेले असेल तरी काळ्या मातीचे गढूळ पाणी आत ओढले जाते. ग्रीस पातळ होते, गंज धरतो आणि कड्याच्या पृष्ठभागाचे भिंतीच्या रंगासारखे पोपडे निघू लागतात. धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्रात 2021 मध्ये खुला झालेला 11.3 किलोमीटरचा वेगवान चाचणीमार्ग प्रसिद्ध आहे, पण चाकाच्या सांध्यांची खरी परीक्षा होते ती तिथल्या मुद्दाम खडबडीत बांधलेल्या मार्गांवर.

बिघाडाची पहिली खूण म्हणजे वेगाबरोबर चढत जाणारी घरघर. टायरचा आवाज डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर आल्यावर बदलतो, बेअरिंगचा तसा बदलत नाही. तो बदलतो वळणावर. धारहून मांडूकडे जाताना गाडी डावीकडे वळली की भार उजव्या चाकांवर जातो, आणि त्याच वेळी घरघर वाढत असेल तर दोष बहुधा उजव्या बाजूचा असतो. पुढे गाडी जॅकवर उचलून चाक वरखाली धरून हलवले असता खडखड हाताला जाणवते, किंवा चाक फिरवताना स्प्रिंगवर ठेवलेल्या बोटांना खरखर लागते. घरघरीकडे दुर्लक्ष झाल्यास चाकात खेळ वाढतो, ब्रेकची डिस्क डगमगते आणि अखेरीस चाक जाम होण्याचा किंवा निखळण्याचा धोका उभा राहतो, म्हणून महिनोन्‌महिने तसेच चालवणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

बदलण्याचे काम दिसते सोपे. चाक जमिनीवर असतानाच आसाचा मोठा नट सैल केला जातो, गाडी उचलून घोडीवर टेकवली जाते, ब्रेकचा कॅलिपर सोडून तारेने वर बांधला जातो, कारण तो होजवर, म्हणजे ब्रेकच्या रबरी नळीवर, लोंबकळत राहिला तर होज आतून फाटू शकतो. मग नकल, म्हणजे हबला आणि बेअरिंगला धरून ठेवणारा ओतीव भाग, बाहेर काढून प्रेसखाली ठेवतात. हब दाबून काढताना बेअरिंगचे आतले कडे अनेकदा हबवरच अडकून राहते आणि ते पुलरने ओढून किंवा ग्राइंडरने जपून कापून काढावे लागते.

नव्या बेअरिंगचे भवितव्य ठरते ते यानंतरच्या काही मिनिटांत. नकलमध्ये बसवताना दाब फक्त बाहेरच्या कड्यावर पडला पाहिजे, आणि नंतर हब आत दाबताना आतल्या कड्याला खालून आधार मिळाला पाहिजे. यात चूक झाली की सगळा दाब छर्र्यांतून जातो आणि पेटीतून आत्ताच काढलेल्या बेअरिंगवर पहिल्याच दिवशी खळग्या उमटतात. प्रेस नसताना घणाने ठोकून बसवलेले बेअरिंग थोड्याच महिन्यांत पुन्हा बोलू लागते ते यामुळेच, आणि दोष मात्र मालावर जातो. एबीएस असलेल्या काही गाड्यांत एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते; ती बाजू सेन्सरकडे आली नाही तर डॅशबोर्डवरचा दिवा पेटतो आणि सगळे काम पुन्हा उघडावे लागते.

शेवटचा नट नवा असावा आणि तो टॉर्क पान्याने, कंपनीने दिलेल्या आकड्यापर्यंतच आवळावा. आतले कडे दोन अर्धकांचे असते आणि या नटाचा दाबच त्यांना एकत्र धरतो, त्यामुळे नट सैल असताना गाडी चाकावर ढकलणेही घातक ठरते. बऱ्याच नव्या गाड्यांत हब आणि बेअरिंग एकसंध येते व चार बोल्टवर बदलता येते. ते महाग पडते, पण प्रेसवरची चूक तिथे संभवत नाही. काम झाल्यावर, ज्या रस्त्यावर आणि ज्या वेगाला घरघर ऐकू येत होती, त्याच रस्त्यावर त्याच वेगाने काचा बंद करून गाडी चालवून पाहावी, आणि दोन्ही बाजूंच्या वळणांवर कान द्यावा.