कान्हेरीचा ‘दरबार’ : राजाचा की संघाचा?

सुट्टीच्या दिवशी आपल्या नवी मुंबईतून बरीच कुटुंबे बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांना जातात. चैत्यगृहात वंदना होते, व्हरांड्यातल्या सुमारे २३ फूट उंच बुद्धमूर्तींपुढे फोटो निघतात, डबे सुटतात आणि मंडळी परत फिरतात. वर डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत, तिकडे फारसे कोणी चढत नाही. आमची उपासक-उपासिकांना विनंती आहे की, निदान ११ क्रमांकाच्या लेण्यापर्यंत जावे.

या लेण्याला लोक ‘दरबार’ म्हणतात. नावामुळे मुलांना वाटते, येथे कोणी राजा बसत असेल. आत जाऊन पाहिले की दिसते, लांबच लांब दालनाच्या मध्यभागी दगडातच कोरलेले दोन बुटके लांब ओटे आहेत, बाजूंना भिक्खूंच्या खोल्या आहेत आणि मागच्या गाभाऱ्यात बसलेली बुद्धमूर्ती आहे. असेच ओटे वेरुळच्या ५ क्रमांकाच्या लेण्यात आहेत. ओळीने बसून भोजन करावे किंवा ग्रंथपठण ऐकावे, अशीच ही सोय दिसते. सिंहासनाला येथे जागाच नाही. सभा होती ती संघाची!

राजांची नावे मात्र भिंतीवर आहेत, ती कालगणनेसाठी. शके ७७५, म्हणजे इ.स. ८५३-५४ मधील लेखात राष्ट्रकूट अमोघवर्ष आणि त्याचा मांडलिक शिलाहार राजा कपर्दी (दुसरा) यांचा उल्लेख येतो. दान देणारा अविघ्नाकर हा गौड देशाचा, म्हणजे बंगालकडचा बुद्धोपासक. कुठे बंगाल आणि कुठे कोकण! त्याने ध्यानासाठी जागा करविली आणि १०० द्रम्म कायम ठेव म्हणून दिले. कपर्दीचा पिता पुल्लशक्ती याच्या काळातील ७८ क्रमांकाच्या लेण्यातील लेखात तर दानाच्या रकमेची खातेवार विभागणी आहे : बुद्धपूजा, विहाराची डागडुजी, भिक्खूंची चीवरे आणि ग्रंथ. आम्ही कारकुनी करणारी माणसे. हा लेख आम्हांला एखाद्या संस्थेच्या अंदाजपत्रकासारखा वाटतो, आणि त्यात पुस्तकांचे खाते वेगळे आहे हे पाहून अभिमान वाटतो. आपल्या किती विहारांच्या जमाखर्चात ते असते?

ही रीत जुनीच. मुद्दल तसेच ठेवायचे आणि व्याजावर खर्च भागवायचा, तिला ‘अक्षयनीवी’ म्हणत. सातवाहन काळातील लेखात मंगळठाण गावचे शेत दान दिल्याची नोंद आहे. मंगळठाण म्हणजे आजचे मागाठाणे. दाते कोण? कल्याणचा सोनार, सोपाऱ्याचा मणिकार, व्यापारी, गृहिणी, भिक्खुनी. कल्याणच्या त्या सोनाराने पाण्याची पोढी दिली.

पाण्याची व्यवस्था भगिनींनी मुद्दाम पाहावी. घरात पाणी भरण्याचे कष्ट ज्यांना ठाऊक, त्यांनाच तिची खरी किंमत कळेल. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या बाजूला पोढी आहे. खडकात पन्हळी कोरून पावसाचे पाणी तिच्यात सोडले आहे. ओढ्यावर बंधाराही होता, त्याचे अवशेष सापडले आहेत. एवढ्या वस्तीला आणि आल्यागेल्या यात्रिकांना उन्हाळाभर पाणी पुरवायचे तर दुसरा उपाय नव्हता. दारासमोर दगडी बाक, एका लेण्यातून दुसऱ्याकडे जायला खोदलेल्या पायऱ्या, हे सारे थकल्याभागल्यांसाठीच.

बंदरांकडून येणारा माणूस कोणती भीती घेऊन येई, ते ९० क्रमांकाच्या लेण्यात कोरले आहे. मध्ये अवलोकितेश्वर आणि दोन्ही बाजूंस संकटे : बुडणारे जहाज, चोर, सिंह, हत्ती, आग. याच लेण्यात इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली. त्यांचे लेख आज इतिहासाचे साधन झाले, म्हणून आपण खडूने नावे लिहावीत असे नव्हे! पोढीत बाटल्या टाकणे आणि कोरीव भिंतीजवळ मेणबत्त्या लावणेही बंद झाले पाहिजे. काजळी अक्षरांवर बसते, मग तो सोनार आणि तो बंगालचा उपासक वाचायचा कोणी?

वरच्या बाजूला विटांच्या लहान स्तूपांची रांग आहे. ती तेथेच देह ठेवलेल्या भिक्खूंची स्मारके. त्यांवरील नावे शोभना गोखले यांनी वाचून प्रसिद्ध केली. जाताना सोमवार टाळावा, त्या दिवशी उद्यान बंद असते. पिण्याचे पाणी सोबत घ्यावे. प्रवेशद्वारापासून लेणी पाच-सहा किलोमीटर आत आहेत.