‘व्हॉइस बदला’ : नियम पाठ, तरी गुण का जातात?

शालेय परीक्षा असो वा स्पर्धा परीक्षा, इंग्रजीच्या पेपरात ॲक्टिव्हचे पॅसिव्ह करण्याचा प्रश्न हमखास भेटतो. नियम मोजके आहेत. तरी मराठी विद्यार्थी एका ठरावीक जागी अडखळतो. ती जागा कोणती, ते पाहू.

आधी चार पायऱ्या

‘मीना राइट्स अ लेटर’ हे वाक्य घ्या.

1. कर्म (अ लेटर) सुरुवातीला आणा.
2. काळानुसार ‘बी’चे योग्य रूप लावा (इज).
3. क्रियापदाचे तिसरे रूप घ्या (रिटन).
4. कर्त्याआधी ‘बाय’ लावा (बाय मीना).

उत्तर : ‘अ लेटर इज रिटन बाय मीना.’

कर्ता सर्वनाम असेल तर तेही बदलते. ‘ही’चे ‘हिम’, ‘आय’चे ‘मी’, ‘दे’चे ‘देम’.

काळ बदलायचा नाही

सर्वाधिक चुका दुसऱ्या पायरीवर होतात. हे लक्षात ठेवा :

• राइट्स – इज रिटन
• इज रायटिंग – इज बीइंग रिटन
• हॅज रिटन – हॅज बीन रिटन
• रोट – वॉज रिटन
• विल राइट – विल बी रिटन

वाक्यात कर्मच नसेल, तर पॅसिव्ह होत नाही. ‘शी स्लीप्स’मध्ये पुढे आणायला काही नाही.

मराठीचा चकवा

‘रामाने आंबा खाल्ला’ हा मराठीत कर्मणी प्रयोग. क्रियापद कर्माप्रमाणे चालते. आंबा खाल्ला, पोळी खाल्ली. पण त्याचे इंग्रजी ‘राम एट द मँगो’, म्हणजे ॲक्टिव्ह! म्हणून ‘ने’ दिसला की ‘बाय’ लावायची घाई करू नका. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळचे मराठी रूप आहे ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’.

गुणांपलीकडचा उपयोग

कर्ता माहीत नसेल, तेव्हा पॅसिव्ह सोयीचा. ‘माय बायसिकल वॉज स्टोलन.’ चोर कोण, हे ठाऊकच नाही, म्हणून ‘बाय’ गळतो.

पण कर्ता माहीत असूनही तो गाळता येतो. इराणला शस्त्रे विकल्याच्या प्रकरणात अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन 1987च्या जानेवारीत काँग्रेसपुढे म्हणाले, ‘सीरियस मिस्टेक्स वेअर मेड.’ गंभीर चुका झाल्या, हे कबूल. केल्या कोणी, हे त्या वाक्यात नाही.

आपल्याकडच्या नोटिसांतही हे रोज दिसते. ‘पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येत आहे’, ‘अर्ज नामंजूर करण्यात आला आहे’. व्याकरण बिनचूक, पण निर्णय कोणाचा, ते कळत नाही.

म्हणून पॅसिव्ह वाक्य वाचताना ‘बाय’ शोधायची सवय लावा. परीक्षेत ती एखादा गुण वाचवेल. परीक्षेबाहेर, जाब कोणाला विचारायचा, हे सांगेल.